कवचाची शिवण

रविवार, ४ मार्च

चित्रातल्या खलनायकाला आज नवऱ्याचं नाक दिलं. अगदी फिट बसलं! चित्र भिंतीवर लावलंय, चहा पिताना समोर दिसेल असं.

सकाळी मोबाइलवर नवरोबांची मुलाखत पाहिली. अंगात नीलवज्राचं कवच – आम्ही दोघं लग्नाआधीपासून ज्याच्या कॉमिक्सचे वेडे, तो नीलवज्र. पण चित्रं काढायची मी, फोम कापायचा मी, हेल्मेट रंगवायचं मी. हा फक्त घालून मिरवायचा. मुलाखत घेणारी विचारते, हे सगळं तुम्ही बनवलंत? हा म्हणतो, "हो, एकट्यानं. घरच्यांचा फारसा पाठिंबा नव्हता."

घरच्यांचा! दिवसभर दुकानात गाड्यांची सीट-कव्हरं शिवायची आणि घरी येऊन याची छाती शिवायची. रबर सोल्यूशनच्या वासानं डोकं उठायचं, बोटांची सालं निघायची. आणि म्हणे पाठिंबा नव्हता.

घर सोडताना काय म्हणाला होता? "तुझ्या या कचऱ्यात मला श्वास घेता येत नाही." आणि त्या कचऱ्यातलं सगळ्यात देखणं काय ते काखोटीला मारून आईकडे राहायला गेला.

मंगळवार, ६ मार्च

त्याची जिरवायची. कशी ते सुचत नाही. मालक म्हणाले, "बाई, सीटवर राग काढू नका, सुई मोडेल." मोडली.

शनिवार, १० मार्च

दार उघडलं तर सासूबाई! हातात ही भली मोठी पिशवी.

"मी इथे आले ते त्याला सांगू नकोस," आत येता येताच म्हणाल्या. पिशवीतून कवच निघालं. खांद्यावरचे पट्टे उपटलेले, बगलेत फोम फाटलेला.

"आई, हे कसं झालं?"

"पोट सुटलंय त्याचं. शिंकला आणि गेलं."

मला हसू आवरलं नाही. मग त्याही हसल्या.

पुढच्या शनिवारी सभागृहात फॅन लोकांचा मेळावा आहे, पोशाखांची स्पर्धा आहे. साहेब फाटलेलं टेपनं चिकटवून जाणार होते. "मला बघवेना," सासूबाई म्हणाल्या. "पाठीवरचा झगा मी शिवलाय. टेप लावलेल्या कवचावर तो लटकवायचा?" खरंच की, झगा त्यांनीच शिवला होता. चष्मा नाकावर ओढून, माझ्याशी वाद घालत घालत.

"मुलाखत पाहिलीत तुम्ही?" मी विचारलं.

"पाहिली." चहा पिताना भिंतीवरच्या खलनायकाकडे बघत बसल्या. "नाक जरा मोठं झालंय गं." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "नाही, बरोबर आहे."

बुधवारी कवच न्यायला येते म्हणाल्या. पिशवी आत्ता माझ्या टेबलावर आहे. इतकं आयतं कधी कुणाच्या हातात आलं असेल का?

रविवार, ११ मार्च

ठरलं! पट्टे ग्लू गननं चिकटवायचे. वरून कुणाला काही कळणार नाही. पण तो गोंद उष्णतेनं मऊ पडतो. वर स्टेजचे दिवे, आत याचा घाम आणि याचं पोट. हात उंचावला की छाती खाली! सगळ्यांसमोर बनियनवर उभा राहू दे. घेऊ दे मग मोकळा श्वास.

आज दिवसभर हेच डोळ्यांसमोर आणलं. भाजी करपली. मध्येच थोडं रडूही आलं, पण ते रागाचं.

बुधवार, १४ मार्च

नाही जमलं.

ग्लू गन तापवून तयार होते. कवच उलटं केलं, तर आतून माझेच टाके दिसले. एकसारखे, जिथे कुणी बघणार नाही तिथेही एकसारखे. त्याची फजिती करायला मी माझं काम बिघडवायचं? तेवढी त्याची लायकी नाही.

मग काय, बगलेतल्या फोमला रबर सोल्यूशन लावलं, पट्टे दुहेरी शिवले, पोटाला जरा सैलही केलं. मूर्ख आहे मी. शुद्ध मूर्ख. आता हा बक्षीस घेणार आणि पुन्हा सांगणार – एकट्यानं.

सासूबाई न्यायला आल्या. खांद्याची शिवण पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. "हे काही सुटायचं नाही," म्हणाल्या. तेवढंच कौतुक पदरात पडलं.

शनिवार, १७ मार्च

जायचं नाही असं ठरवून गेले. शेवटच्या रांगेत, तोंडाला रुमाल बांधून. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या.

हा आला. टाळ्या. नीलवज्रासारखा हात वर केला – आणि उजवा पट्टा सुटला! मग डावा. छाती घसरत घसरत गुडघ्यांवर. आत बनियन. लोक खो खो हसले.

किती मनात घोळवलं होतं हे, आणि मी खुर्चीत खाली सरकले. माझी शिवण? दुहेरी घातलेली? कवचावर माझं नाव नाही याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं.

तेवढ्यात यानं माइक धरला. "सॉरी, सॉरी. शिवण माझी नाही. ती बायकोनं केलीय."

इतक्या वर्षांत चार लोकांपुढे माझं नाव काढलं ते यासाठी! वाटलं, वर जाऊन तेच कवच त्याच्या डोक्यात घालावं.

परीक्षकांत एक मूर्तिकार होते, दाढीवाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "असं होय. मग बाकीचं कुणी केलं?"

यानं गुडघ्यांवरची छाती वर ओढली.

"हेल्मेट? हातमोजे? हे रंगकाम फार सुंदर आहे, हे कुणाचं?"

यानं माइक या हातातून त्या हातात घेतला. पहिल्या रांगेतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "सांग की."

"तिनंच," म्हणाला. सभागृहभर ऐकू गेलं. लोक माना वळवून शोधायला लागले, आणि मी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून बाहेर पडले. सगळं माझं, हे कळलं एकदाचं. पण कळलं ते फाटल्यावर! मला हे असं नको होतं. माझी शिवण सुटत नाही. का सुटली?

रविवार, १८ मार्च

सासूबाईंचा फोन आला. म्हटलं, आई, शिवण कशी सुटली तेच कळत नाही.

"तुझी कुठली सुटतेय! मी उसवली. दोन-दोन टाके तेवढे ठेवले होते." पलीकडे बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. "एकट्यानं केलंय म्हणत होता ना? म्हटलं, मग एकट्यानंच सावरू दे."