डाव्या दाराची रेघ

प्रिय ठमे,

या पत्रासोबत बुटांचं एक खोकं पाठवतोय. ते आडवं करू नकोस, हलवून बघू नकोस आणि चिकटपट्टी कापताना कात्रीचं टोक आत जाऊ देऊ नकोस. आत तुझीच गाडी आहे, कापसात गुंडाळलेली. चाकं काढून काडेपेटीत वेगळी ठेवली आहेत, डावी-उजवी अशी चिठ्ठी लावून. हसू नकोस. मला 'मिलिमीटर' हे नाव तूच ठेवलंस, आता मिलिमीटरसारखंच वागणार मी.

फोन केला असता. पण तीन आठवडे तू 'कामात आहे, मग बोलू' म्हणते आहेस. आणि खरं सांगायचं तर फोनवर मी बोलायला लागलो की आपोआप स्वतःच्या बाजूनं बोलायला लागतो. कागदावर निदान खोडता येतं. हा चौथा कागद आहे.

आधी गाडीबद्दल लिहितो, कारण ते मला जमतं. सत्तावीस वर्षं मी या छोट्या गाड्या जोडतोय. काचेच्या कपाटात आज एकशे त्रेचाळीस उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीसाठीही मला कुणी काही शिकवलेलं नाही. किटमधला सूचनांचा कागद आणि माझे दोन डोळे, एवढीच माझी शाळा. रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येतं, मी काउंटरपलीकडूनच शेडचा नंबर सांगतो. हे सगळं मी आल्यागेल्याला ऐकवतो, तुलाही शंभरदा ऐकवलंय. म्हणून तू जेव्हा म्हणालीस, की बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी त्यांची गाडी करणार, तेव्हा मी हसलो. 'दात बसवणं वेगळं आणि दार बसवणं वेगळं,' असं तुझ्या कवळ्यांच्या कामावरून बोललोसुद्धा. तू माझ्याकडचा बारीक चिमटा मागून नेलास.

बाबा ऑफिसची जी गाडी चालवायचे तिचं किट कुठंच मिळत नाही. तू तिच्या जवळपासच्या गाडीचं आणलंस, मागचा भाग कापलास आणि डिकी स्वतः घडवलीस, दातांच्या मसाल्यातून. अडीच महिन्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणालीस, 'दादा, वरचा चकचकीत हात तेवढा मार. बाकी कशाला हात लावू नकोस.' तू गेल्यावर मी भिंग लावून अर्धा तास ती बघत होतो. खोड सापडावी म्हणून बघत होतो, हेही आता लिहूनच टाकतो. स्टिअरिंगची कडी केसाएवढी. डॅशबोर्डवर बाबांचं पिवळं फडकं, चार घड्या घातलेलं, एक कोपरा बाहेर, ते ठेवायचे अगदी तसं. एकशे त्रेचाळीस गाड्या केल्या मी, पण एकीतही कुणाचं फडकं नाही. मग पुढचं डावं दार दिसलं. बाकी गाडी करडी, पण दाराच्या करड्यात हिरवट झाक. आणि खालच्या कडेला एक उंचवट्याची रेघ, पुटी नीट न घोटल्यासारखी.

पुढचं तुला माहीत आहे. मी ते दार पॉलिश पेपरनं घोटलं, आरशासारखं सपाट केलं, पुन्हा प्रायमर मारला आणि कंपनीच्या शेडनं रंगवलं. तुला कळवलं नाही. वाढदिवसाला सगळ्यांसमोर खोकं उघडलं, तेव्हा तुझी नजर आधी दारावर गेली आणि मग माझ्याकडे. मी खिडकीकडे बघितलं.

बाबांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. तुझ्या धाकट्यानं गाडी त्यांच्या हातात दिली. ते टपावरून, बॉनेटवरून बोटं फिरवत गेले, डिकीवर थांबून हसले, फडकं सापडल्यावर तर मोठ्यांदा हसले. मग त्यांचा अंगठा डाव्या दाराच्या खालच्या कडेला आला. मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. 'ही तिच्यासारखी आहे,' ते म्हणाले, 'पण ती नव्हे. माझं दार कुठाय?' मला तेव्हाही खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, 'अहो बाबा, ठमीची पहिलीच गाडी ना, दाराला पुटी जास्त झाली होती. मी सरळ करून दिलं.' वर माझा तो नेहमीचा विनोद जोडला, की बाबांनी बावीस वर्षांत एकच गोष्ट ठोकली, आणि तीही जागची न हलणारी. पोरं हसली, तुझी वहिनी हसली. बाबाही हसले, नेहमीसारखे. तू म्हणालीस, 'दादा म्हणतो तर तसंच असेल,' आणि कपबशा धुवायला गेलीस. आमच्याकडे पाहुण्यांनी कपबशा धुवायची पद्धत नाही, तरी कुणी तुला अडवलं नाही. निघताना तू कठडा धरून एकेक पायरी उतरत होतीस आणि मी वरून ओरडलो, 'ठमाबाईंची वरात निघाली.' त्याच दिवशी, इतकं सगळं झाल्यावर.

आता ते लिहितो, जे आपण दोघं कधीच बोललो नाही. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं कुठंतरी असायला हवं. मी सतरा वर्षांचा होतो, तू दहा. बाबा दुपारी जेवायला गाडी घेऊन घरी आले होते आणि किल्ली फडताळावर होती. मी तुला म्हणालो, चल, राणीसाहेबांना गल्लीतून फिरवून आणतो. तू डावीकडे बसलीस, पाय खाली नीट टेकत नव्हते. पाण्याच्या टाकीपाशी वळताना मी क्लच एकदम सोडला, गाडीनं उडी मारली आणि तुझ्या बाजूचं दार सिमेंटच्या खांबावर गेलं. मी उतरलो, वळसा घालून तुझ्या बाजूला आलो आणि दार बघितलं. किती आत गेलंय, कुठून चिरलंय, रंग किती गेलाय, सगळं बघितलं. तू काचेआडून माझ्याकडे बघत होतीस. बाबा हात न धुताच धावत आले. त्यांनी दाराकडे पाहिलंही नाही, तुला उजवीकडून बाहेर काढलं आणि विचारलं, 'लागलं का?'

संध्याकाळी ऑफिसात त्यांनी गाडी आपण ठोकली असं सांगितलं. त्यांच्या खाकी शर्टावर तो पितळी बिल्ला असायचा, बिनअपघाती सेवेचा. दर वर्षी त्यावर आकडा बदलून यायचा. बावीसपर्यंत आला होता, आणि पंचविसाव्याला चांदीचा मिळणार म्हणून आईनं कपाटात त्याच्यासाठी डबीसुद्धा आणून ठेवली होती. बिल्ला परत करावा लागला. शर्टावर दोन भोकं राहिली, ती आईनं कधी रफू केली नाहीत. जुन्या गाडीला ऑफिस नवं दार देईना, म्हणून बाबांनी भंगारातून तसलंच दार शोधलं, स्वतः ठोकून बसवलं, स्वतः रंगवलं. रंग जुळला नाही. त्या दारालाही खाली चीर होती, ती जोडली तिथं बोटभर रेघ उरली. पुढची आठ वर्षं रोज गाडी पुसताना ते तिच्यावरून अंगठा फिरवायचे. ती त्यांनी केलेली एकुलती एक दुरुस्ती होती आणि ती त्यांना आवडायची, असं मला वाटतं. मला त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नाही. मी त्याचा अर्थ असा लावला, की प्रकरण मिटलं. हळूहळू विनोद करायला लागलो. लग्न झाल्यावर बायकोला तोच सांगितला, पोरांना सांगितला, तुझ्या पोरांनाही. इतक्यांदा सांगितला, की सांगताना मला बाबाच स्टिअरिंगवर दिसायला लागले. सगळ्यांसमोर मी माझ्या बापाच्या माथी खांब मारत आलो, आणि ते हसत आले. तूही ऐकत आलीस.

तुला वाटेल, दादा विसरला होता, चूक समजून त्यानं रेघ घोटली. तसं वाटू दे असा पहिल्या तीन कागदांवर माझा प्रयत्न होता. ते कागद फाडले. घोटण्याआधी मी ती रेघ मोजली होती, ठमे. कॅलिपर लावून. खरी रेघ बोटभर लांब होती, म्हणजे खऱ्याच्या चोवीसाव्या भागाएवढ्या या गाडीवर तीन मिलिमीटर यायला हवी. तुझी बरोबर तीन होती. ढिसाळ पुटीची लांबी कुणी मोजत नाही. मला माझा खांब ओळखू आला, आणि तरी मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवला.

गेल्या रविवारी बाबांना सांगितलं. म्हणजे, त्यांना ठाऊक असलेलं त्यांना सांगितलं, पण तुझ्या वहिनीला आणि पोरांना समोर बसवून. माझी थोरली माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी वर्णन करणार नाही. बाबा बराच वेळ खुर्चीच्या हातावर अंगठा घासत बसले. मग म्हणाले, 'क्लच हळू सोडायचा असतो रे. तेव्हा सांगायचं राहूनच गेलं.' एवढंच. मग चहा मागितला.

ती रेघ पुन्हा करायला मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा सरळ आली, रेखीव आली, आणि बाबांनी हात लावून मान हलवली. माझ्या हाताला ती येत नाही. म्हणून दार खरवडून कोरं करून पाठवतोय. खोक्यात एक छोटी बाटली आहे. तिच्यातली हिरवट करडी शेड आठवून आठवून दुकानात मिसळली आहे. कुठल्याही शेडकार्डात ती नाही. चुकली असेल तर तुझ्या आठवणीनं सुधार. बाबा रोज विचारतात, दार झालं का. हे पत्र तुझ्या पोरांना वाचून दाखव, तो विनोद त्यांनीही ऐकलाय.

पण गाडीसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं. बाबांशी बोलून उठलो तेव्हा तुझी थोरली भाची म्हणाली, 'मग आत्या म्हणूनच जिना तसा उतरते का?' चौतीस वर्षं मी तुझ्या त्या उतरण्याची नक्कल करतोय. कुठला गुडघा ते सांगता येईना, डावा असणार असा फक्त अंदाज करता आला. त्या दुपारी मी दार बघत उभा होतो आणि तुला एक गोष्ट विचारायची राहिली. ती आज विचारतो. ठमे, तुला लागलं होतं का?

तुझाच,
दादा