सुई बदल की

मामा,

लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा सासऱ्यांना मामा, सासूला आत्या म्हणायचं आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, एवढं शिकवून मला माकणीहून धाडलं होतं. निजामाचं राज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तुमचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळं रागावतानाही तुम्ही 'आहिस्ता' म्हणायचात, आणि ते बहुतेक फोनोपाशीच. सोलापूरहून आणलेल्या त्या चावीच्या फोनोला दुसऱ्या कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही. चावी तुम्हीच भरणार, तबकडी मलमलीच्या फडक्यानं तुम्हीच पुसणार, आणि दर तबकडीला नवी सुई. "झिजली सुई तबकडी खाती," हे एकच वाक्य पहिल्या वर्षात तुम्ही माझ्याकडं बघून बोललात.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, न्हाय तर येणारही न्हाय. आत्या तुमच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायच्या आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडायचात. ह्यांनी एकदा फोनो लावून पाहिला. नुसता पडून राहिल्यानं आतलं वंगण डिंकासारखं घट्ट झालेलं. गाणं रडत रडत थांबलं आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यासमोर नको म्हणून हे फोनो माळ्यावर टाकायला निघाले, तेव्हा तुम्ही डाव्या हातानं खाटेवर अशी थाप मारलीत की ते जागीच थांबले.

त्यानंतरची ती दुपार मला अजून दिसते. माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान, त्यामुळं मशीन उघडून साफ करायची मला सवय. आत्यांना विचारून मी फोनो तुमच्या खाटेजवळ जमिनीवर घेते, स्क्रू काढते. तुम्ही कुशीवर वळून बघताय. स्प्रिंगच्या डब्याकडं हात जाताच तुम्ही जोरात मान हलवता; ती उसळली तर बोटं कापायची. मी डबा तसाच सोडते. बाकीची दात्यांची चाकं रॉकेलनं धुते, मशीनचं तेल थेंबाथेंबानं सोडते. दर वेळी आधी तुमच्याकडं बघते, तुम्ही डोळ्यांनी व्हय म्हणता. इतकं सरळ मी तुमच्याकडं त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

चावी भरली, तबकडी ठेवली, सुई टेकवली. गाणं आधी जड निघालं, मग सुरळीत झालं. तुम्ही डोळे मिटलेत. थोड्या वेळानं कपाळाला आठी पडली, ओठ वळवळले, आणि तुम्ही म्हणालात, "सुई... बदल की."

आत्या पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय म्हणले गं?"

"सुई बदल म्हणले."

त्या उंबऱ्यावरच बसल्या, तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही. सुई नवीच होती, मामा, डबीतून मी तेव्हाच काढलेली. तरी बदलली. आणखी दहादा सांगितलं असतंत तरी बदलली असती. घरात रागावणारं माणूस परत आलं होतं.

पुढं तुमचं बोलणं अडखळत का होईना, आलं. कितीतरी वर्षांनी तुम्ही गेलात ते ह्यांच्याशी बोलता बोलता. ते आठवलं की जिवाला थंड वाटतं. फोनो आता माझ्याकडं आहे. सुई बसते त्या साउंडबॉक्समधलं रबर कडक झालं होतं, ते बदलून घेतलं. स्प्रिंगच्या डब्याला अजूनही हात लावत नाही, तो कारागिराकडंच देते. नातवंडं म्हणतात, मोबाइलवर याहून साफ ऐकू येतं. येतं की.

हा कागद पाठवायचा तरी कुठं, म्हणून मोकळं लिहिते. मला गाण्यातलं काही कळत नाही, मामा, तेव्हाही कळत नव्हतं. मला आवडायची ती चावी भरताना हाताला लागणारी स्प्रिंगची ओढ. तुम्ही मात्र येईल त्या पाहुण्याला थांबत थांबत सांगायचात, आमच्या सुनेला गाण्याची लई जाण हाय. तुम्ही बोलताय हेच ऐकायला इतकं बरं वाटायचं, की मी कधी नाही म्हटलं नाही.