कार्डावर लिहिलेला दुधाचा दात

॥ श्री शारदा प्रसन्न ॥
मौजे वाघदरा, मंडल बाजारहत्नूर, जि. आदिलाबाद
ता. ९ जानेवारी १९९९

चि. मनकर्णा हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कॉलेजात प्रत्येकानं एकेक वेबसाइट बांधायची आणि तू आपल्या शाळेच्या हस्तलिखिताची बांधणार, हे वाचून मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. वेबसाइट म्हणजे काय ते काही उमगलं नाही. पण आपलं 'बोंड' हैदराबादेत काचेवर दिसणार एवढं कळलं, आणि म्हाताऱ्याला तेवढं पुरे.

अठ्ठावीस वर्षं दर संक्रांतीला पोरांच्या कविता मी बोरूनं उतरवून काढायचो. एकच प्रत, तीच घरोघर फिरायची. शेवटचा अंक ८६ सालचा. त्यानंतर मी सेवानिवृत्त झालो आणि बोरूही. १९६८चा अंक हैदराबादला निघालेल्या उत्तमरावांसोबत पाठवतो आहे, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. त्यातली चंपतची कविता आधी वाच. मी अजून दात घासताना म्हणतो:

बोंड फुटलं, कापूस हसला,
जसा दुधाचा दात दिसला;
आई म्हणे, वेच गं हळू,
ओढशील तर येईल रडू.

एकच विनंती. एकेका पोराचं नाव नीट लिही. कविता विसरली तरी चालते, नाव चुकलं की पोर दुखावतं. तुझी आजी विचारते की खानावळीत भाकर मिळते का.

लोभ आहेच, त्याला खतपाणी घालत जा.
तुझा आजोबा


हैदराबाद, ता. २४ जानेवारी १९९९

ती. आजोबांस मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तमरावकाकांनी 'बोंड' सुखरूप आणून दिलं. इथे झेरॉक्ससारखं एक यंत्र आहे, ते कागदाचं चित्र थेट कॉम्प्युटरच्या पोटात नेतं. त्यात तुमचं अक्षर पाहून आमच्या सरांनी विचारलं की हा कुठला फॉन्ट. मी सांगितलं, वाघदऱ्याचा. कवींची नावं मात्र चित्राखाली इंग्रजीत टाइप केली आहेत, कारण मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मुंग्यांसारखी दिसतात.

वेबसाइट म्हणजे काय ते सांगते, हसू नका. पानं रचणं म्हणजे घर बांधणं. घराला जागा लागते. ती परदेशातल्या एका कंपनीनं फुकट दिली आहे, त्याला होस्टिंग म्हणतात. घराचा पत्ता पाकिटामागे इंग्रजीत लिहिला आहे. आणि घराला कुलूप. 'बोंड' हे नाव आणि एक परवलीचा शब्द दिला की दार कुठूनही उघडतं, आत जाऊन काहीही बदलता येतं. म्हणून शब्द आठ अक्षरांहून मोठा हवा, कुणाला सुचू नये असा, आणि कुणाला सांगू नये. तो तुम्ही निवडायचा. घर तुमचं आहे. शिवाय सगळ्याची एक नक्कल फ्लॉपीवर काढून ट्रंकेत ठेवली आहे. एक मार्चला बाहेरचे परीक्षक बघायला येणार.

एक शंका. चंपतकाकांच्या कवितेत आई 'वेच गं' म्हणते. त्यांची आई त्यांना गं म्हणायची का? 'रे' करू? आजीला सांगा, भाकर नाही, पण भात डोंगराएवढा वाढतात.

तुमची माया आहे तशीच राहो, माझं अक्षर मात्र सुधारो.
मनकर्णा


(पोस्टकार्ड)
वाघदरा, ता. २ फेब्रुवारी १९९९

चि. मनकर्णा हिस अ. आ. वि. वि. तुझं पत्र सोजरबाईच्या दुकानात चौघांसमोर वाचून दाखवलं. ती गूळ तोलता तोलता थांबून ऐकत होती. गावाची टपालाची थैली तिच्याच दुकानात उतरते, हे तुला ठाऊक आहेच. होस्टिंग मला बरोबर समजलं: ती बटई आहे. जमीन त्यांची, पीक आपलं. परवलीचा शब्द पाठवतो: दुधाचादात. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. कुणाला सुचणार नाही. तूही कुणाला सांगू नकोस. 'गं'ला हात लावू नये. कार्ड संपलं, आशीर्वाद उरले आहेत, ते समजून घ्यावेत.
आजोबा


हैदराबाद, ता. १४ फेब्रुवारी १९९९

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

आजोबा, गुपित कुणी उघड्या कार्डावर लिहितं का हो! मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या मुली बघायला आल्या. आणि मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, वाघदऱ्यात कुणाकडे कॉम्प्युटर आहे? तोच शब्द ठेवला. चूक तुमची निम्मी, माझी निम्मी.

काल कुणीतरी दार उघडून आत गेलं. मी घाबरून पान न् पान तपासलं. सत्तावीस कविता होत्या, सत्तावीस आहेत. काही पुसलं नाही, काही घाण लिहिलं नाही. एकच शब्द बदलला आहे. दुधाच्या दाताच्या कवितेखाली मी चंपत लिहिलं होतं, तिथे आता सोजर आहे. वर चित्रात तुमच्या अक्षरात चंपत, खाली टाइपात सोजर. सर म्हणाले की असा सज्जन चोर त्यांनी पाहिला नाही.

मी तूर्त शब्द बदलून टाकला आहे, पक्का नवा शब्द तुमच्याकडूनच हवा. फ्लॉपीवरून चंपत परत आणायला मला दोन मिनिटं लागतील. पण आजोबा, तो 'गं' मला झोपू देत नाही. एक मार्चला परीक्षकांसमोर कुठलं नाव असावं? तुम्ही सांगाल तेच राहील. या खेपेला पाकीट वापरा, बंद करून.

रागावू नका, विसरूही नका.
मनकर्णा


वाघदरा, ता. १९ फेब्रुवारी १९९९

चि. मनकर्णा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटाला डिंक लावून बंद केलं आहे. तीस वर्षं हे लिहायचं राहून गेलं होतं.

ती कविता सोजरची. सहावीत होती. खिडकीजवळ बसायची, आणि वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला की तिचा आवाज सगळ्यांच्या अर्ध्या पावलापुढे असायचा. अंक तयार झाला, तेवढ्यात तिचे वडील बापूजी शाळेत आले. म्हणाले की पोरीची सोयरीक चालू आहे, तिचं नाव घरोघर फिरणं बरं नाही. भावाचं घाला, तोही तुमचाच विद्यार्थी. मी अर्धं ब्लेड घेतलं, नाव खरवडलं आणि त्याच शाईनं चंपत लिहिलं. इतकं सुबक लिहिलं की मलाच माझ्या अक्षराचा अभिमान वाटला. इन्स्पेक्टरसाहेबांनी चंपतला फाउंटन पेन दिलं. 'गं' मात्र मी तसाच ठेवला. मनाला सांगितलं की 'रे' चालीत बसत नाही. खरं म्हणजे तो बसतो.

तुझं पत्र घेऊन मी दुकानात गेलो. तिनं मान खाली घातली नाही. म्हणाली की गुरुजी, तुमीच मले वाचाले शिकवलं, आता काऊन वाचलं म्हून पुसता? कार्ड तं उघडंच होतं. मग म्हणाली की आपलीच ओळ कार्डावर पाह्यली अन हातातलं माप तसंच राह्यलं. माझ्या तोंडचे शब्द तुमी कुलूप म्हून लावले, तं किल्ली माझीच नाही का? तिची लेक आदिलाबादला कॉम्प्युटरच्या क्लासात जाते. सोजर सकाळच्या बसनं तिच्याकडे गेली, पोरीनं दार उघडलं, आणि आईनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, स्वतः नाव लिहिलं. मी विचारलं की सगळं घर उघडं होतं, आणखी काही बदलावंसं नाही वाटलं? म्हणाली की बाकी माझं काय होतं त्यात?

मनकर्णा, मी पुष्कळ मुलं शिकवली. कुणी तलाठी झालं, कुणी कंडक्टर. इतका ताठ उभा राहिलेला विद्यार्थी मी पाहिला नव्हता, आणि तो माझ्याच वर्गातला. मला लाज वाटली, हे खरं. पण घरी येताना छाती इतकी भरून आली होती की तुझी आजी म्हणाली, धाप लागली का?

तेव्हा सोजर हेच नाव राहू दे. ट्रंकेतली फ्लॉपी खोटी नक्कल आहे, तीही दुरुस्त कर. आणि खाली एक ओळ टाइप कर की हे नाव १९६८ साली शिक्षकानं खोडलं होतं, आणि शिक्षकाचं नावही लिही. नावं चुकवू नकोस, असं मीच तुला सांगितलं होतं.

पूर्वीइतकाच लोभ ठेवशील का, असं विचारून थांबतो.
तुझा आजोबा


वाघदरा, ता. २४ फेब्रुवारी १९९९

चि. मनकर्णाले सोजरबाईचा आशीर्वाद. पत्र लिवाले कारण का,

पोरी, तुझ्या घरात न पुसता शिरली, माफी कर. पण कुलूप आता मजबूत लाव. मी एकच शब्द बदलला, दुसरं कोनी आलं तं काय करन काय ठाव. तू नवा शब्द मागतला असं गुरुजी सांगत होते. तो म्या निवडला. इथं लिवणार नाही. लेक सोमवारच्या आत हैदराबादले येऊन राह्यली, ती तुझ्या कानात सांगन. गुरुजीले सांगू नको, ते कार्डावर लिवतीन.

आमचा चंपत आला होता. तीस वर्षं गावानं त्याले कवी म्हून चिडवलं, लग्नात उभं करून कविता म्हनाले लावली, अन तो दरवेळी तिसरी ओळ चुकला. म्हने, बाई, सुटलो, आता सुखानं मेथी विकतो. इन्स्पेक्टरचं पेन माह्यापुढं ठेवलं. त्यानं कधी शाई भरलीच नव्हती. गरम पान्यात धुतलं, अन हे पत्र त्याच पेनानं लिवून राह्यली. डाग पडले ते त्याचे, शब्द माहे.

माया असू दे. सोजर.


(पोस्टकार्ड)
वाघदरा, ता. ११ मार्च १९९९

चि. मनकर्णा हिस अ. आ. वि. वि. परीक्षकांनी शिक्षकाची ओळ दोनदा वाचली, आणि मग यंत्राचं काही न विचारता, सोजर सध्या काय लिहिते, एवढंच विचारलं, हे तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. पहिला नंबर आला ते आधी वाचलं, हे शेवटी. कुठलं थोर ते मला कळतं. नवा शब्द मला कुणी सांगत नाही, आणि त्याचाही मला अभिमान आहे.

पुढलं तुला नाही, मनकर्णा. सोजर, हे कार्ड थैलीत पडण्याआधी तू वाचशीलच. परीक्षकांना उत्तर द्यायचं राहिलं आहे. 'बोंड' बंद पडून तेरा वर्षं झाली. बोरू पुन्हा तासून ठेवला आहे. संक्रांतीपर्यंत कविता आण. या वेळी नाव मी आधी लिहीन, कविता मागून.
गुरुजी