भुंगा खरा की खोटा

घोटावडे
सोमवार, ९ फेब्रुवारी

राजू,

फोन केला की तुझी बायको उचलती आन् "ते मीटिंगमध्ये आहेत" म्हणती. जेवतानाबी मीटिंगच व्हय रं? म्हणून हे हातानं खरडतीय. अक्षराला हसू नगंस, दुसरीतनंच मला बापानं शेरडांमागं धाडली.

असू दे. तुला न् कल्पनाला आशीर्वाद. हितं समदं बरं हाय. काळी शेळी व्याली, दोन करडं झाली.

तुझ्या पुतण्याला, बिरूला, दवाखान्यात न्हेलता. डोक्याची डाक्टरीणबाई वयानं पोरच हाय, पण आधी मला खुर्ची दिली. मी म्हणलं, "बाई, एकटा बोलतोय म्हणून आणलाय. हिंजवडीत कानात बोंडं घालून समदीच एकटी बोलत्यात, त्यांना कोण आणत न्हाई." हसली. म्हणाली, "आजी, आता त्याला बोलू द्या."

बिरू म्हणाला, काका माझ्यावर पाळत ठेवतोय. वरनं भुंगा सोडून बघतोय. काकाच कानात सांगतोय, भाकरीत इख हाय, खाऊ नगंस.

"हे काका खरंच आहेत का?" बाईनं मला इचारलं.

म्हणलं, "हाय की. भूगावला फ्लॅटात ऱ्हातोय. माझंच पोरगं."

"आणि भुंगा?"

राजू, भुंगा मीबी बघितला. दिवाळीच्या मागनं आपल्या माळावर आलता, ते ड्रोन का काय म्हणत्यात ते. मेंढरं उधळली, बिरू दगड घेऊन त्याच्यामागं पळाला. गाडीत बसलेली दोन माणसं बोटानं भुंग्याला फिरवत व्हती. जमीन मापतोय म्हणाली. कुणी धाडलं इचारलं तर काच वर केली.

बाईला सांगितलं तसं. ती म्हणाली, भुंगा खरा असंल तर तो आजारात धरायचा न्हाई. पण कानातला आवाज ऱ्हातोच, भाकर फेकणं ऱ्हातंच. औषध चालू केलंय. नाव मातर लिहिलं न्हाई. किती दिवसांचं हाय, खरं काय न् भास काय, त्यावर नावं येगळी पडत्यात म्हणं. स्किझोफ्रेनिया की कायसं एक हाय, माझ्या तोंडात बसंना. एकदा लिहिलं की माणसाला चिकटतं, म्हणून ती घाई करत न्हाई.

घाई तुला हाय. शेजारच्या कुशाबाला तू इचारलंस म्हणं, पुतण्या येडा ठरला तर जमीन इकायला त्याची सही लागती का.

एक मी बाईला सांगितलं न्हाई. बिरूच्या खोलीला मी भायेरनं कुलूप घालतीय. एकदा भुंग्यामागं पळत डांबरी रोडवर गेलता, टँकरखाली जायचा वाचला. किल्ली माझ्या कमरंला. मेंढरं कुशाबाकडं. मला उंबरा वलांडता येत न्हाई, का तर तो आतनं म्हणतोय, "आजे, काकाला सांग, मी गप बसतो, मला सोड."

बाईनं गुरुवारी बोलावलंय, तुला घेऊन. माणसं तू धाडली व्हतीस का, एवढंच सांग. व्हय म्हणालास तर शिव्या खाशील, पण पोराचं एक तरी बोलणं खरं निघंल. न्हाई म्हणालास तरी भुंगा मी बघितलाय, मग मलाबी तपासायला बसव.

कुलपाशी बसलेली तुझी आई,
बायजा

जबाब तू द्यायचा. कल्पनानं न्हाई, वकिलानं न्हाई. बिरूच्या दाराशी हुबं ऱ्हाऊन, तुझ्या सोताच्या आवाजात.