शनिवारचा ढीग

रखमा कात्री मागायला आत आली तेव्हा मी मृत्युपत्राच्या पहिल्याच ओळीवर होते. म्हटलं, "थांब, ती कुणाला द्यायची तेच लिहितेय."

"लिवा की. पण आज तर कापायला लागतेय ना, भाबी?" असं म्हणून ती कात्री घेऊन गेली.

मी, हफिजा मुश्ताक चोगले, वय अडुसष्ट, राहणार महाड. साखर आहे, रक्तदाब आहे, डोकं ठिकाणावर आहे. हे कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. उलट माझ्या दोन्ही मुलांनी लिहू नको म्हणून सांगितलं.

१. घर आणि बँकेतली ठेव मुलगा फुरकान आणि मुलगी उमैमा यांना शरीयतप्रमाणे जाईल. त्यात मी हात घालत नाही.

२. त्याच शरीयतप्रमाणे मला एक तृतीयांश भाग माझ्या मर्जीने देता येतो. एमआयडीसीतल्या कामगारांच्या गळ्यापासून घोट्यापर्यंतच्या डांगऱ्या शिवायचा माझा कारखाना तेवढ्यात बसतो, हे वकिलांकडून तपासून घेतलं आहे. अकरा मशीनं, कापायचं टेबल आणि गाळा मी माझ्याकडच्या आठ बायकांना मिळून देते. त्यांची नावं मागच्या पानावर आहेत.

फुरकान दोह्याहून म्हणतो, "अम्मी, मशीनं विकून टाक. बाया काय, कुठंही शिवतील." कुठंही शिवतील, बाळा. एकत्र शिवणार नाहीत. एकवीसच्या पुरानंतर मी चिखलात पायरीवर बसून होते. या आठजणी न बोलावता आल्या, रॉकेल आणि दात घासायचे जुने ब्रश घेऊन. सोळा दिवसांत अकरातली नऊ मशीनं चालू झाली. ती माझ्या एकटीची आहेत असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

३. अट एकच. शनिवार मोडायचा नाही. आठवड्याचे नग उलटे करून टेबलावर ढीग घालायचा. प्रत्येकीने दुसरीचा नग उचलायचा, एक चूक दाखवायची, एक सुधारणा सुचवायची. मालकिणीचा नग त्याच ढिगात असतो. ही रीत मी घातली आणि मीच मोडली, म्हणून पुढचं कलम.

४. कात्री रखमाला. कुडपणची ही मुलगी लग्न होऊन महाडात आली आणि माझ्याकडे काज-बटणाला बसली. तिसऱ्याच शनिवारी तिने मी शिवलेली डांगरी उचलली. म्हणाली, "भाबी, ह्यो खिसा वरून उघडा हाय. ॲसिडचा शितोडा आत गेला तर बाहेर नाय यायचा. अंगालाच लागंल."

मी म्हटलं, "तू बटणं लाव. खिसे मी बघते."

पुढचे पाच महिने शनिवारी कुणी काही बोललं नाही. ढीग व्हायचा, घड्या व्हायच्या. त्या शांततेला मी शिस्त समजले.

मग एका कंपनीने दोनशे डांगऱ्या परत पाठवल्या. कारण तेच: खिसा. मी एक डांगरी अंगात घातली आणि आठजणींतल्या अंबरीनला छातीवर तांब्याभर पाणी ओतायला लावलं. खिसा भरला. सगळ्यांसमोर मी रखमाला विचारलं, "तुझा खिसा कसा?" तिने खडू घेतला आणि माझ्या अंगावरच खिशाचं तोंड झाकणारी तिरकी झडप आखली. अंबरीन म्हणाली, "भाबी, हलू नका. मालकीण पहिल्यांदाच मापात बसलीय." चार दिवसांत दोनशे खिसे बदलले. त्यानंतर एकही नग परत आलेला नाही. आज घाटापासून बिरवाडीपर्यंत पाळीच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसांच्या छातीवर ती झडप दिसते. मी मराठी घेऊन एम. ए. झाले, पण माझ्या हातून याहून चांगली ओळ लिहून झाली नाही. आणि तीही रखमाची आहे.

५. "बायकांना काय सुचतंय" असं म्हणणाऱ्या ठेकेदाराला माझ्या मयतीला यायला हरकत नाही. चहा पाजावा.

महाड, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५.
हफिजा मुश्ताक चोगले

साक्षीदार (सह्या उद्या): अनुपमा शेलार, शेजारीण; हर्षद उतेकर, निवृत्त पोस्टमन, पोलादपूर.

नोंद: शनिवारी सकाळी हा कागद ढिगावर ठेवला. रखमाने उचलला, सगळा वाचला. म्हणाली, "कलम दोन चुकलंय. आठ नावं घातलीत. उद्या नववी आली तर ती काय नोकर?" मी कलम खोडलं आणि "त्या त्या वेळी तिथे शिवणाऱ्या सगळ्या" असं लिहून पुन्हा सही केली. मग साक्षीदारांनी सह्या केल्या. दहा वाजता मशीनं सुरू झाली.