भाकरी भाजेपर्यंतची ओळ

मयुरीच्या पप्पांना,
नमस्कार.

पोरीच्या कोचिंगसाठी लातूरला खोली करून राहा, तिच्या जेवणाचं बघ, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी नुसती मान हलवली. मनातून लई आनंद झाला होता. वाटलं, पोरगी दिवसभर क्लासला जाईल आणि माझी अर्धी राहिलेली कथा पुरी होईल.

चार महिने झाले, वहीत एक अक्षर नाही. घरी इस्लापूरला तव्यावर भाकरी टाकली की ती भाजेपर्यंत मी पिठाच्या हातानं एक ओळ लिहून घ्यायची. इथं सकाळी क्लासच्या घाईत दोघींचा स्वयंपाक उरकते आणि मग दिवसभर शेजारच्या खोलीतला पंखा ऐकत बसते.

महिन्याखाली मयुरी म्हणाली, "मम्मी, मी मेसचा डबा लावते. तू जा घरी." हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

आज दुपारी भूक नसताना एक भाकरी टाकली. ती फुगेपर्यंत खरंच ओळ सुचली: 'नवरा रोज फोनवर विचारतो, पोरगी जेवली का.'

ती ओळ वहीत राहील, हे पत्रही. संध्याकाळी तुमचा फोन आला की सांगेन, जेवली.

तुमची,
उज्वला