शेअर विकण्याची परवानगी

॥ श्री ॥

जोहे, ता. २१ सप्टेंबर १९९४

ती. कमळाकरराव यांस,
दत्तात्रेयाचा सा. न. वि. वि.

विसर्जन झालं आणि आम्ही माणसात आलो. यंदा शेवटचा गणपती ऐन चतुर्थीच्या सकाळी ओल्या रंगानेच गेला. नेणाऱ्याला सांगितलं, बाबा, आज हळदकुंकू लांबूनच वाहा. सगुणा बरी आहे. पैशाचं विचारायचं तर माझ्या दादालाच विचारा, असा तिचा हुकूम आहे, म्हणून हे पत्र.

आठ-दहा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडून कुंडलिका कलर्सचा फॉर्म भरून घेतला होता. आपण ज्यांचा रंग वापरतो त्यांचेच शेअर, म्हणून मी सही केली आणि विसरलो. मध्ये त्यांनी एकावर एक फुकट दिले. आता पेणला जो भेटतो तो म्हणतो, दत्तूशेठ, तुम्ही सोन्यावर बसलात. एक म्हणतो विका, दुसरा म्हणतो अजून दुप्पट घ्या. माझी झोप उडाली आहे.

कारण आहे आमची लेक, आपली शांती. बारा वर्षं ती आमच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. माझे हात आता कापतात, हे तुम्ही पाहिलंच आहे; गिऱ्हाईक येतं ते तिने काढलेल्या डोळ्यांसाठी. पण कारखाना पडला माझ्या थोरल्या भावाचा, पुढे तो पुतण्यांचा होणार. तिला स्वतःचा हवा आहे. हमरापूर फाट्याजवळची काळुरामची शेड विकायची आहे. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला, पुढे नाही. शेअर विकू का? विकले तर सगळे पैसे शेडमध्ये घालू, की आणखी कुठे? तुम्ही सांगाल तसं.

आहे ती माया आटू देऊ नये.

आपला,
दत्तात्रेय


॥ श्री ॥

मु. अष्टमी, रोहा, ता. २३ सप्टेंबर १९९४

श्री. दत्तात्रेयराव यांस,
कमळाकरचा स. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. आमच्या विमलबाई तर भाजी कुठली आणायची तेही मला विचारत नाहीत. त्यामुळे तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पहिलं म्हणजे, विका. आजच विका. भाव एवढा चढला आहे की कंपनीच्या मालकालाही तो खरा वाटत नसेल. तुमची सगळी पुंजी एका कंपनीत आहे. उद्या तिथे काही बिनसलं तर तुम्ही काय करणार, रंगाचे डबे मोजणार? सर्टिफिकेटं आणि सही केलेला ट्रान्सफर फॉर्म पाठवा, रोह्यातला दलाल माझ्या ओळखीचा आहे.

दुसरं, आलेल्या पैशांचे चार भाग करा. एक बँकेत मुदत ठेवीत, त्याला हात लावायचा नाही. दुसरा म्युच्युअल फंडात. तिथे जाणती माणसं आपल्या वतीने शेअर घेतात, आपण निवांत झोपायचं. तिसऱ्यातून निरनिराळ्या धंद्यांतल्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर, नावं मी कळवतो. उरलेला चौथा भाग शांतीसाठी. तेवढ्यात शेड येणार नाही, तर भाड्याने घ्यावी. रागावू नका, पण मुलगी आज ना उद्या सासरी जाणार. शेड काय डोक्यावर घेऊन जाईल? माझीही ती लाडकी भाची आहे, म्हणूनच सांगतो.

सगुणाला आशीर्वाद. असाच लोभ ठेवावा आणि टपाल लवकर टाकावं.

आपला,
कमळाकर


॥ श्री ॥

जोहे, ता. २५ सप्टेंबर १९९४

ती. कमळाकरराव यांस,
दत्तात्रेयाचा सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मान्य. फॉर्मवर सही केली, सर्टिफिकेटं पिशवीत घातली, पेणच्या पोस्टापर्यंत गेलो आणि माघारी आलो.

तुमच्या घरचा पाट आमच्याकडे असतो, तेव्हा रीत तुम्हाला सांगायला नको. ज्या पाटावर गणपती बसायचा तो घरचा पाट एकदा आमच्याकडे ठेवला की ते घर आमचं. कुणी दुसऱ्या गावी राहायला गेलं आणि पाट उचलायची वेळ आली तर नारळ घेऊन येतात, कारण सांगतात, चहा पितात, मग नेतात. न सांगता कुणी पाट नेला तर माझ्या वडिलांना जेवण जात नसे. कुंडलिकावाल्यांकडे माझा पाटच आहे की. इतकी वर्षं त्यांनी सांभाळला, वाढवून दिला. आता भाव चढला म्हणून मागच्या दाराने पळायचं, हे माझ्याने होत नाही.

त्यांच्या वार्षिक सभेचं बोलावणं आलं आहे. तीस तारखेला धाटावला, कंपनीच्या आवारात. आदल्या संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे येतो. सभेत नारळ देतो, परवानगी घेतो, मग विका. तुम्ही सोबत चला, मला इंग्रजी समजत नाही.

लोभ आहेच, तो सभेपर्यंत तरी टिकवावा.

आपला,
दत्तात्रेय


॥ श्री ॥

मु. अष्टमी, रोहा, ता. २७ सप्टेंबर १९९४

श्री. दत्तात्रेयराव यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी डोक्याला हात लावून बसलो. अहो, शेअर विकला की तो दुसरा कुणी विकत घेतो. कंपनीचं त्यात काही जात नाही आणि कोण गेलं, कोण आलं याची तिथे कुणाला फिकीर नसते. उभ्या हिंदुस्थानात आजवर कुणी नारळ देऊन शेअर विकलेले नाहीत.

इकडे तुमची रीत चालली आहे आणि तिकडे भाव दोन दिवस घसरतो आहे. शेडसाठी काळुराम दसऱ्यापर्यंत थांबेल, बाजार थांबणार नाही. उतरला तर चार भाग सोडा, दोन भागांपुरतेही उरणार नाहीत. शिवाय मला या रोह्यात तोंड दाखवायचं आहे. सभेला निम्मी माझ्या ओळखीची माणसं असतात.

मला वाटलं होतं, विमलबाई तरी माझी बाजू घेतील. त्यांनी पत्र वाचलं आणि बाजारातून चांगला पाणीदार नारळ आणून ठेवला. वर म्हणतात, भावोजींचं बरोबर हाय, माणसानं सांगून जावं. तेव्हा तुम्ही या. येणारच आहात. निदान धुतलेला सदरा घाला, हाताला रंग नको.

लोभ थोडा कमी झाला आहे, आल्यावर पाहू.

आपला,
कमळाकर


॥ श्री ॥

मु. अष्टमी, रोहा, ता. ३ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. सगुणास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे यजमान काल निघाले, पोहोचले असतीलच. पण ते तुला काय सांगतील याचा भरवसा नाही, म्हणून सभेची हकिगत मीच लिहितो.

मंडप घातला होता. बहुतेक मंडळी बटाटेवड्याच्या पुड्यांसाठी आलेली. हिशेब वाचून झाले आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणताच आमचे पाहुणे उभे. मी सदरा ओढला, तर तो त्यांनी सोडवून घेतला. पिशवीतून नारळ काढला आणि थेट पुढे गेले. म्हणाले, मी जोह्याचा मूर्तिकार, तुमचा रंग कधी फसला नाय, तुमच्याकडं ठेवलेला पैसाही फसला नाय. आता पोरीच्या कामासाठी तो उचलायचा हाय. न सांगता जायला पाय उचलत नाय, तेव्हा राग न धरता निरोप द्यावा.

सगळा मंडप हसला. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण अध्यक्ष, म्हातारेसे गृहस्थ आहेत, ते हसले नाहीत. खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला. म्हणाले, इतक्या वर्षांत माणसं आली कधी आणि गेली कधी, कळलं नाही. जाताना भेटणारे तुम्ही पहिले. मग चहा मागवला आणि सभा थांबवून दोघं चहा प्यायले. सगुणा, मी बँकेत जन्म घालवला, पण पैशाच्या ठिकाणी असं काही पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, हे तुझ्या वहिनीला कळवू नकोस.

पुढची गंमत ऐक. चहा संपायच्या आत माझे मित्र आयझॅक सामाजी शेजारी येऊन कुजबुजले की हा माणूस एवढा नारळ देऊन बाहेर पडतोय, म्हणजे याला आतली बातमी असणार, आम्हीही विकू का? मग आणखी तिघं आले. मी शपथेवर सांगितलं की याला फक्त शाडूची माती कळते. कुणाचा विश्वास बसला नाही. काल सकाळपासून ओटीवर माणसं बसली आहेत.

आज शेअर विकले. वरचा भाव हुकला, पण फार नाही; आले ते भरपूर आले. आता एवढं कर, चार भागांचं मी लिहिलंय ते त्यांच्याकडून करून घे. धनादेश त्यांच्या नावाने दलालच पाठवेल. शांतीची समजूत घाल. हुशार पोर आहे, ऐकेल.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

जोहे, ता. १७ ऑक्टोबर १९९४

ती. मामांस,
शांतीचे शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला काळुरामकाकांनी शेडच्या किल्ल्या दिल्या. भाड्याने नाही मामा, विकत घेतली, आणि कागद माझ्या नावाने झाले. बाबांनी आले तेवढे सगळे पैसे त्यात घातले. पत्रे दोन ठिकाणी गळतात आणि आत कोंबड्या राहत होत्या, पण उजेड असा आहे की डोळे आखताना दिवा लागणार नाही.

बाबा म्हणाले, हे सगळं तुझ्या मामाच्या सांगण्यावरून. तुम्ही त्यांना लांबलचक पत्र लिहिलंत म्हणे, की बँका, फंड, कंपन्या सगळं पाहिलं, पण सगळे पैसे शांतीवर लावा, त्याहून भरवशाचं ठिकाण मला दिसत नाही. मी ते पत्र वाचायला मागितलं, तर म्हणतात ते शाडूच्या पिंपात पडलं आणि विरघळलं. आईने तेव्हा पदर तोंडाला लावला, का ते कळलं नाही.

मामा, खरं सांगू? मला तुमचीच भीती होती. मामा हिशेबी माणूस, मुलगी सासरी जाणार, तिच्यावर एवढे पैसे कशाला, असं म्हणतील असं वाटलं होतं. मनात असं आणलं म्हणून माफ करा. आजवर माझा हात चांगला म्हणणारे पुष्कळ भेटले, पण माझ्यावर पैसे लावा असं कुणी कुणाला लिहिलं नव्हतं. रात्रभर मी तेच घोळवत होते.

मामींना नमस्कार. माया आहे ती जन्मभर पुरेल, तरी आणखी असावी.

तुमची,
शांती


॥ श्री ॥

मु. अष्टमी, रोहा, ता. १९ ऑक्टोबर १९९४

चि. शांतीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तुझ्या मामींनी ते मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

तुझे बाबा साधे दिसतात, तेवढे साधे नाहीत, हे तुला पुढे कळेल. माझं पत्र पिंपात पडलं त्याबद्दल त्यांना बोल लावू नकोस. मात्र ते तुझ्याजवळ असायला हवं असं आता मला फार वाटतं आहे. म्हणून पुन्हा लिहून देतो, जपून ठेव.

श्री. दत्तात्रेयराव यांस, स. न. वि. वि. पैसे कुठे ठेवू, असं तुम्ही विचारलंत. आयुष्यभर मी लोकांना वाटून ठेवा म्हणून सांगत आलो. तुम्ही वाटू नका. चार भाग करू नका. शांतीवर लावा, सगळे.

तुझा,
कमळाकरमामा